उंबऱ्यावरचा घास

एका गावात एक मुलगी होती, आणि त्या मुलीच्या आत एक नगर होतं.

मुलीचं नाव ठकू. तिचे वडील बुरूड. दारातल्या चिंचेखाली बसून ते बांबू चिरायचे, सुपं-टोपल्या विणायचे, आणि ठकू उरलेल्या कामट्यांचा घोडा करून गल्लीभर दौडायची. तिच्या आईच्या लेखी ठकू म्हणजे दोन वेण्या, खरचटलेले गुडघे आणि दिवसभराची बडबड. आईला तरी याहून जास्त काय दिसणार? आतलं नगर कुणालाच दिसत नाही. ज्याच्या आत ते असतं, त्यालाही नाही.

पण नगर होतं, आणि केवढं होतं! साऱ्या पृथ्वीवर माणसं नसतील इतकी घरं त्या एवढ्याशा पोरीत होती. नाकाच्या वेशीपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत गल्ल्याच गल्ल्या, आणि गल्ल्यांमधून वाहणारे तांबड्या पाण्याचे कालवे. प्रत्येक घरात एक चूल आणि चुलीपाशी एक घरधनीण. कुणाच्या चुलीवर डोळ्यांतलं पाणी होई, कुणाच्या चुलीवर तोंडातली लाळ, कुणाच्या चुलीवर शेंबूड. हसू नका. ही गोष्ट शेंबूड करणाऱ्या घरांचीच आहे.

नगरातल्या कुणीही ठकूला कधी पाहिलं नव्हतं. घराच्या भिंतीला घराचं तोंड कसं दिसावं? त्यांना ऐकू यायचा तो फक्त ठोका. धडधड, धडधड, कामात, झोपेत, कायम. नगरातली जुनी माणसं नव्यांना सांगत, "ठोका आहे तोवर आपण आहोत, आणि आपण नीट आहोत तोवर ठोका आहे." याहून जास्त धर्म त्या नगरात कुणी शिकवत नसे, आणि एवढ्यावर सगळ्यांचं छान चाललं होतं.

त्या नगरात एक जुनी रीत होती. घरात जे काही शिजेल, त्यातला एक घास पानावर घेऊन घरधनिणीने उंबऱ्यावर ठेवायचा. हा घास देवासाठी नव्हता, कावळ्यासाठी नव्हता, भिकाऱ्यासाठीही नव्हता. तो होता चाखणाऱ्या बायकांसाठी. त्या गल्लोगल्ली हिंडत, दारादारात वाकत, घास जिभेवर ठेवत, "आपलंच" म्हणत आणि पुढे जात. कुणाच्या घरात शिरायची त्यांना गरजच नव्हती. आत काय चाललंय ते उंबरा सांगायचा.

आता या बायकांचं नवल ऐका. प्रत्येकीला फक्त एकच परकी चव ओळखता यायची. एकीला एक, दुसरीला दुसरी. छातीच्या हाडामागे त्यांची शाळा होती आणि तिथली परीक्षा मोठी कडक. पोरींसमोर नगरातल्याच घरांचे घास मांडत. ज्या पोरीला आपलाच घास परका लागला, ती तिथेच नापास. कारण अशी पोर गल्लीत सुटली, तर आपलीच घरं पाडत फिरेल. त्या शाळेतून शंभर पोरींमागे जेमतेम दोनचार बाहेर पडत.

आणि कुठल्या पोरीला कुठली चव द्यायची, हे ठरवायचं कोण? कुणीच नाही. जिच्या जिभेवर जी उमटेल ती. त्यामुळे व्हायचं असं, की जगात अजून कुणी शिजवलाही नाही अशा पदार्थाची जाणकार त्या नगरात कुठेतरी हिंडत असायची. बहुतेकींना आपली चव जन्मात भेटत नसे. त्या दारोदार वाकत, "आपलंच, आपलंच" म्हणत म्हाताऱ्या होत आणि एक दिवस जात. ज्याचं नावही कुणाला ठाऊक नाही त्या संकटासाठी कुणीतरी आधीच जन्मून वाट बघत बसलेलं आहे, हा विचार मनात आला की माझे तर हात आपोआप जोडले जातात.

वेशींवर पहारेकरी होते, त्यांचं काम वेगळं. ते चेहरा बघून अडवत. एकदा त्रास देऊन गेलेल्या चोराचा चेहरा ते वेशीच्या फळीवर हुबेहूब कोरून ठेवत. पुन्हा तोच चेहरा दिसला, की वेशीबाहेरच त्याची मानगूट धरत.

असं सगळं नीट चाललं असताना गावात उरूस भरला. ठकू पाळण्यात बसली, शेजारच्या पोराला जोराची शिंक आली, आणि त्या शिंकेवर बसून बहुरूपी आला.

आपल्या गावात राजाचं, पोलिसाचं सोंग घेऊन येतो आणि पसाभर धान्य मागतो, तो बहुरूपी बिचारा गरीब माणूस. हा तसा नव्हता. याला स्वतःचं घर नव्हतं, स्वतःची चूल नव्हती. कुणाच्या तरी घरात घुसायचं, घरधनिणीला बाजूला ढकलायचं, तिच्याच चुलीवर, तिच्याच सरपणावर आपला एकुलता एक पदार्थ शिजवायचा, आणि त्या भांड्यातून आपल्यासारखेच शेकडो बहुरूपी उठवून शेजारच्या घरांवर सोडायचे, हाच त्याचा धंदा. त्याला दुसरं काहीही येत नव्हतं.

तो नाकाच्या वेशीतून आत आला. त्याचा चेहरा तोवर कुणी पाहिलाच नव्हता, तेव्हा पहारेकरी अडवणार कुणाला? तो पहिल्या घरात घुसला, मग दहाव्या, मग गल्लीच्या गल्ली त्याची झाली. उंबऱ्यांवर एक चमत्कारिक घास दिसू लागला. त्याला करपलेल्या कारळ्यांची चव होती. तिथून जाणाऱ्या चाखणाऱ्या बायका तो जिभेवर ठेवत, पण ती चव त्यांची नव्हती. त्यांना काही कळेना.

ज्या एकीची ती चव होती, ती त्या वेळी कुठे होती? पार गुडघ्याच्या गल्लीत! गल्लीगल्लीतल्या खबरा चौकात पोहोचवणारे निरोपे नगरात होते; त्यांनी तो घास पानात बांधला आणि ते गळ्याखालच्या चौकात धावले. सगळ्या नगरातून चाखणाऱ्या बायका चौकात येऊ लागल्या, एकेक जण चाखून मान हलवू लागली. बाहेर आईने ठकूच्या जबड्याखाली हात लावला तर तिला गाठी लागल्या. "गळा सुजलाय पोरीचा," असं ती घाबरून म्हणाली. गळा सुजला नव्हता, चौकात गर्दी झाली होती.

नगराने स्वतःच भट्ट्या पेटवल्या, कारण बहुरूप्याला एवढी धग सोसत नाही. ठकूचं अंग तव्यासारखं तापलं. ती पाणी मागेना, बोलेना. वडिलांच्या हातातला कोयता नुसताच पडून राहिला, आणि आई कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत एवढंच म्हणत राहिली, "ठके, डोळे उघड गं. एकदा माझ्याकडे बघ." आत नगरात पहिल्यांदाच असं झालं, की ठोका अडखळला. घराघरांत बायका चुलीपाशी थांबून कान देऊ लागल्या. पुढचा ठोका येतो की नाही, एवढंच सगळे ऐकत होते.

अखेर ती गुडघ्याच्या गल्लीतली पोर चौकात पोहोचली. तिने घास जिभेवर ठेवला आणि थू करून थुंकली.

"ही माझी चव," ती म्हणाली. "हे आपलं नाही."

मग जे झालं ते त्या नगरातच होऊ जाणे. एकीच्या दोघी झाल्या, दोघींच्या चौघी झाल्या. सगळ्यांची जीभ तीच, चव तीच. चौक भरला, कालवे भरले, आणि त्या बहिणी पुरासारख्या नाकाच्या गल्लीत उतरल्या. ज्या उंबऱ्यावर करपलेल्या कारळ्यांची चव, ते घर पाडायचं. दुसरा इलाज नव्हता. तिकडे पहारेकऱ्यांनीही बहुरूप्याचा चेहरा हेरला आणि गल्लीत मोकळे फिरणारे एकूण एक धरले. गल्ल्याच्या गल्ल्या पडल्या, पण ठोका सावरला. ठकूने डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "माझा घोडा कुणी मोडला?" आई हसता हसता रडली.

संकट सरलं. त्या हजारो बहिणी आता करणार काय? एवढ्या तोंडांना पोसायला नगराकडे धान्य नव्हतं. काम संपलं तशा त्या एकेक करून शांतपणे विरून गेल्या. कुणी तक्रार केली नाही. मोजक्याच मागे राहिल्या, आणि त्यातली एक नाकाच्या गल्लीतच मुक्काम करून राहिली. पुढे गल्ली तिला आजी म्हणू लागली.

पहारेकऱ्यांनी बहुरूप्याचा चेहरा फळीवर कोरला. मिशा, कपाळावरची आठी, बाकदार नाक, काही म्हणून सोडलं नाही. त्या चेहऱ्याचे बहुरूपी नंतरही दोनतीनदा वेशीवर आले आणि मार खाऊन परतले. पहारेकऱ्यांचा नाईक खूश होता. एकदा तो आजीला म्हणाला, "आजीबाई, आता कशाला दारोदार वाकता? कंबर मोडेल. त्याचा चेहरा आमच्या फळीवर आहे. तो आत येतोच कसा, बघतो ना मी."

"चेहरा तुमच्याकडे असू द्या," आजी म्हणाली, "चव माझ्याकडे असू द्या. दोघं मिळून राखू."

आणि ती पुढच्या दारात वाकली.

पडलेल्या घरांच्या जागी नवी घरं उठली. त्यातलं अगदी वेशीजवळचं घर एका नव्या घरधनिणीला मिळालं. पोर मोठी कामसू, पण तोंडाने फटकळ. बहुरूप्याचं संकट तिने पाहिलंच नव्हतं, त्यामुळे रोजचा घास उंबऱ्यावर ठेवणं तिच्या जिवावर यायचं.

"आजी, तुझं पोट तरी केवढं गं?" ती विचारायची. "रोज येतेस, रोज खातेस, आणि रोज तेच म्हणतेस. 'आपलंच.' मग काय दुसऱ्याचं असणार आहे?"

"नसावंच," आजी म्हणायची.

एक दिवस मात्र आजी उंबऱ्याशी टेकली आणि तिने त्या पोरीला सगळी हकीकत सांगितली. करपलेल्या कारळ्यांची चव, पडलेल्या गल्ल्या, अडखळलेला ठोका. पोर हातातलं काम टाकून ऐकत राहिली. शेवटी तिने हळूच विचारलं, "म्हणजे उद्या माझ्या घासात ती चव आली, तर तू माझं घर पाडणार?"

"हो."

"आणि मी?"

घर आणि घरधनीण त्या नगरात वेगळी नसत, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"मग तसा घास मी ठेवीनच कशाला?" पोर म्हणाली. "लपवीन. आदल्या दिवसाचा ठेवीन. तुला काय कळणार आहे?"

"काही कळणार नाही," आजी म्हणाली. "मला घरात शिरता येत नाही, पोरी. उंबऱ्यावर जे ठेवशील तेवढंच मला कळतं. ठेवायचं काय, ते तुझ्या हातात." एवढं बोलून ती गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि पुढच्या दारी गेली. त्या दिवसापासून पोरीने आजीला पोटावरून चिडवणं सोडलं.

दिवस गेले. ठकू वाढली, वेण्या लांब झाल्या. पुन्हा उरूस आला, पुन्हा कुणालातरी शिंक आली.

या वेळी बहुरूपी नवं सोंग घेऊन आला होता. मिशा काढलेल्या, डोक्याला पागोटं, कपाळाची आठी पुसलेली, नाकसुद्धा सरळ केलेलं. नाईकाने त्याला थांबवलं. फळीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा फळीकडे बघितलं. एकही खूण जुळेना. नाईक डोळ्यांत तेल घालून पहारा करत होता, यात शंका नाही. पण तो शोधत होता मिशावाला, आणि समोर उभा होता पागोटेवाला.

"जा," नाईक म्हणाला, आणि बहुरूपी वेशीतून ऐटीत आत शिरला.

सगळ्यांत जवळचं घर त्या पोरीचं. दाराची कडी बाहेरून कशी काढायची, ही विद्या त्याला ठाऊकच होती. तो आत आला, पोरीला चुलीपासून बाजूला केलं आणि तिचीच पळी हातात घेऊन चुलीवर भांडं चढवलं.

"वहिनी, घाबरू नका," तो गोड आवाजात म्हणाला. "मी चार दिवसांचा पाहुणा. तुमचं घर, तुमची चूल, मी फक्त जरासा विस्तव वापरतो."

भांड्यातून वास उठला. पोरीने तो वास पूर्वी कधी घेतला नव्हता, पण आजीने सांगितलेलं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. करपलेली कारळी. तिने उंबऱ्याकडे बघितलं.

बहुरूप्याने तिची नजर ओळखली. "तुमच्याकडे उंबऱ्यावर घास ठेवायची रीत आहे म्हणे. छान रीत आहे. पण आजच्या दिवस सकाळच्या भांड्यातला ठेवा. तो तुमचाच घास आहे, त्यात खोटं काय? म्हातारी येईल, 'आपलंच' म्हणेल आणि जाईल. तुमचं घर वाचेल, माझंही काम होईल. आणि माझ्या भांड्यातला ठेवलात तर?" तो हसला. "पहिली भिंत तुमचीच पडेल, वहिनी. माझी नाही. मला भिंतच नाही."

तो म्हणाला त्यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि म्हणूनच पोरीला जास्त भीती वाटली. तिने दोन पानं घेतली. एकावर सकाळचा घास घेतला, दुसऱ्यावर त्याच्या भांड्यातला. दोन्ही पानं हातात धरून ती उंबऱ्यापाशी आली आणि उभी राहिली. तिला मरायचं नव्हतं. कुणाला असतं? चूल पेटवायचे कितीतरी दिवस अजून उरले होते.

भिंतीपलीकडे शेजारीण काहीतरी गुणगुणत चूल फुंकत होती. तिच्या पलीकडे आणखी एक घर होतं, त्याच्या पलीकडे आणखी एक. भांडं शिजलं की आधी कुणाचं दार वाजणार, हे पोरीला कळत होतं. आणि मग तिला ठोका ऐकू आला. ठोका काही नवा नव्हता, तो जन्मल्यापासून कानात होता. पण रोजच्या कामात त्याच्याकडे लक्ष जातं कुणाचं? आज गेलं. धडधड, धडधड, अगदी स्वस्थ. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तो सगळा भरवसा घरांवर टाकून चालला होता.

पोरीने सकाळचा घास घरात परत ठेवला. दुसरं पान उंबऱ्यावर मांडलं.

"अहो वहिनी!" मागून बहुरूपी ओरडला. "वेड लागलंय का तुम्हाला?"

पण उंबऱ्याबाहेर टाकलेलं पाऊल मागे घेता येतं, मांडलेला घास उचलायची त्या नगरात रीत नव्हती.

आजी गल्लीतच होती, तीन दारं सोडून. या खेपेला गुडघ्याच्या गल्लीतून कुणाला बोलवायचं नव्हतं, चौकात कुणाला शोधायचं नव्हतं. ती आली, वाकली, घास जिभेवर ठेवला, आणि वाकलेलीच राहिली. बहुरूप्याने पागोटं घातलं होतं, नाक सरळ केलं होतं, पण भांड्यात शिजत होतं ते तेच. ते त्याला बदलता येत नव्हतं. ते बदललं तर त्याच्यासारखे पुढचे बहुरूपी त्या भांड्यातून उठलेच नसते.

आजीने मान वर केली. दारात पोर उभी होती.

"हा घास कुणी ठेवला?"

"मीच, आजी."

"तुला ठाऊक होतं?"

"तूच तर सांगितलं होतंस."

इतकी वर्षं या गल्लीतला प्रत्येक उंबरा तिने चाखला होता, पण या उंबऱ्यावर तिचा जीव होता.

"आता वेळ घालवू नकोस," पोर म्हणाली. "त्याचं भांडं उकळायला लागलंय. एवढंच सांग, माझा हा घास लक्षात ठेवशील ना?"

"बाळा, मला दुसरं येतं तरी काय?" आजी म्हणाली. तिने एकदा पोरीच्या गालावरून हात फिरवला आणि मग तोच हात उंबऱ्यावर टेकवला.

घर पडलं, पण कसं पडलं! धडाड आवाज नाही, धुरळा नाही. लुगड्याची घडी घालावी तसं ते आतल्या आत नीट मिटत गेलं आणि शेजारच्या अंगणात एक खडाही उडाला नाही. हातात पळी घेतलेला बहुरूपी, त्याचं अर्धवट शिजलेलं भांडं, अर्धेमुर्धे उठलेले त्याचे सोबती, सगळे त्या घडीत गेले. जाता जाता त्याचे दोघे-तिघे भाऊबंद निसटून शेजारच्या घरांत शिरले होते. पण आजीने हाक दिली, आणि मागच्या वेळी ज्यासाठी कितीतरी दिवस लागले होते, ते आता बघता बघता झालं. एकीच्या अनेकजणी झाल्या. शेजारणींनीही आपले घास खरे ठेवले होते. त्यांचीही घरं मिटली. आणि गल्ली वाचली.

नाईक धापा टाकत आला. मिटलेल्या घराकडे बघून त्याने मुंडासं काढून हातात घेतलं. "आजी, माझ्यासमोरून आत गेला तो. मीच जा म्हणालो त्याला."

"तुम्ही चेहरा बघता, आणि चेहरा त्याने बदलला. त्यात तुमचा काय दोष? मी त्याचा चेहरा आजवर कधी पाहिलेलाच नाही." आजीने डोळे पुसले. "आता दुःख करत बसू नका. त्याचं पागोटं कसं होतं, ते विसरायच्या आत कोरून ठेवा."

नाईकाने नवा चेहरा कोरला. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. तेव्हापासून रिकाम्या वेळी पहारेकरी जुन्या चेहऱ्यात मनाने फरक करून नवे चेहरे कोरू लागले. एकाने मिशा लांबवल्या, एकाने पागोट्याऐवजी टोपी घातली, एकाने नाक बसकं केलं. त्यातले बहुतेक चेहरे कधीच कुणाचे निघणार नव्हते. पण एखादा निघेलही. उद्या येणाऱ्या चोराचा चेहरा आज कुणीतरी अंदाजाने कोरून ठेवतं आहे, आणि तेही एका पोरीच्या हाडांत, गळ्याखाली, नाकामागे, तिला न विचारता! याहून मोठा चमत्कार मला तरी ठाऊक नाही.

आणि या सगळ्या वेळात बाहेर काय चाललं होतं म्हणाल?

ठकू चिंचेखाली घोडा दौडवत होती. तिला दोन शिंका आल्या. आईने जवळ ओढून कपाळाला हात लावला.

"जरा कोमट लागतंय गं."

"काही नाही झालं, आई. सोड ना."

"थांब जरा." आईने आत जाऊन मूठभर मीठ-मोहऱ्या आणल्या, लेकीवरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या. "बघ, केवढी दृष्ट लागली होती," ती नवऱ्याला म्हणाली. बुरुडाने टोपलीची कड आवळत मान डोलावली. तोवर ठकू घोडा घेऊन गल्लीच्या टोकाला पोहोचलीसुद्धा होती. सगळं श्रेय मोहऱ्यांना गेलं. जाऊ द्या. आईच्या हातातल्या मोहऱ्या होत्या, त्यांना गेलं तर कुणाचं काही बिघडलं नाही.

वेशीजवळच्या त्या जागेवर पुढे नवं घर उठलं. नवी घरधनीण आली, तिने चूल पेटवली. तिला रीत सांगायला आजी दारात आली. आता ती फार वाकली होती.

नव्या पोरीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजी, माझ्याआधी या जागी कोण राहायचं गं?"

आजी उंबऱ्यावर टेकली. आतून ठोका ऐकू येत होता, धडधड, धडधड, अगदी स्वस्थ.

"हा ऐकू येतोय ना?" ती म्हणाली. "हा जिच्यामुळे अजून चालू आहे, ती."

नवी पोर बराच वेळ कान देऊन उभी राहिली. मग तिने पान घेतलं, भांड्यातला पहिला घास त्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी उंबऱ्यावर मांडला. आजीने तो चाखला.

"आपलंच," ती म्हणाली, आणि पुढच्या दाराकडे निघाली.

तात्पर्य: संकट सोंग बदलून येतं, पण चुलीवर शिजवतं तेच, म्हणून चेहऱ्यासोबत त्याची चवही लक्षात ठेवावी, आणि जिवावर बेतलं तरी आपल्या उंबऱ्यावरचा घास खरा ठेवावा.